विषय गावाने दिला होता

विद्यापीठाची व्याख्यानमाला आमच्या गावात देवळाच्या सभामंडपात सुरू झाली, कारण पंखे असलेली दुसरी मोठी जागा गावात नाही. मुंबईहून दोन माणसं आली, ग्रामपंचायतीत बसली आणि म्हणाली, ही भागीदारी आहे. महिन्यातून एकदा विद्यापीठ वक्ता पाठवणार. जागा, सतरंज्या, चहा आणि ऐकायला माणसं गावाने द्यायची. विषयही गावानेच ठरवायचा. त्यासाठी समिती करायला सांगितली. समितीत सरपंच आले, शाळेचे निवृत्त गुरुजी आले, रापणवाल्या मच्छीमारांतर्फे माझा धाकटा दीर आला आणि मासे विकणाऱ्या बायकांतली एक हवी म्हणून मी आले. मी बाजारात बसणं तेव्हा सोडलं होतं. गुडघे बसू देत नव्हते, पाटी सून न्यायची. दुपारी रिकामी असलेली मीच होते. निवडीला दुसरं कारण नव्हतं. माझं शिक्षण चौथीपर्यंत.

पहिलं व्याख्यान मधुमेहावर झालं. डॉक्टरांनी सांगितलं, भात कमी खा. लोकांनी मान डोलावली आणि घरी जाऊन भात खाल्ला. दुसरं जुन्या किल्ल्यांच्या बांधकामावर होतं. बोलणारा माणूस चांगला होता, पण होड्या किनाऱ्याला लागायची वेळ झाली तसा अर्धा मंडप उठून गेला. बिचारा समोरच्या रिकाम्या सतरंज्यांना चुना कसा मळत ते सांगत राहिला. त्यानंतर विद्यापीठाने आम्हाला विचारून वेळ ठरवायला सुरुवात केली.

तिसऱ्या व्याख्यानाचा विषय मी दिला. का दिला ते सांगायचं तर आधी घराचं सांगायला हवं.

आमचं घर पुळणीला, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूला, लागून. लग्न होऊन आले तेव्हा ओटीवरून समुद्र दिसायचा नाही, मध्ये माडांच्या रांगा होत्या. आता ओटीवर बसलं की पाण्याशिवाय काही दिसत नाही. दर पावसाळ्यात एखादा माड आडवा होतो. मुळांखालची वाळू गेली की माड काही दिवस वाकून उभा राहतो आणि मग पडतो. गेल्या खेपेस पडलेल्या माडाचा शेंडा माझ्या न्हाणीच्या भिंतीला टेकला. तेव्हापासून मी दगडी बंधाऱ्याच्या मागे लागले. सरकार असे बंधारे बांधतं, काळे दगड आणून किनाऱ्याने रचून देतं. अर्जावर पहिली सही माझी होती. दुसरी माझ्या दक्षिणेकडच्या शेजारणीची, तीही माझ्यासारखीच विधवा आणि तिचंही घर माझ्यासारखंच पाण्याच्या तोंडाशी. वाडीतल्या बऱ्याच जणांनी मग सह्या केल्या. पण कचेरीतून सांगणं आलं की ग्रामसभेचा ठराव आणा, गावात दोन तट नकोत.

तट होतेच. माझा दीर नको म्हणत होता. त्याची रापण आहे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीने ते समुद्रात गोल टाकायचं आणि दोन्ही टोकांचे दोर पुळणीवर उभं राहून माणसांनी ओढत आणायचे. त्याला मोकळी वाळू लागते. काळ्या दगडांच्या राशीवर उभं राहून कोणी रापण ओढू शकत नाही.

"वयनी, तुका घर व्हया, माका पुळण व्हयी," तो म्हणायचा. "तू घर हलवू शकतंस. मी पुळण खंय हलवू?"

"हलवतंय," मी म्हणायचे. "तू जागा दी, उद्या हलवतंय."

जागेचं नाव काढलं की तो विषय बदलायचा. रस्त्याच्या वरच्या अंगाला सासऱ्यांची थोडी जमीन आहे, दोघा भावांची सामायिक. तिथे तो जाळी सुकवायचा, त्याची बायको मिरच्या लावायची. माझा नवरा जिवंत असताना वाटणी मागून थकला. मी मागून थकले नव्हते, एवढंच.

तर समितीच्या बैठकीत मी म्हटलं, पुढचा विषय बंधारा ठेवा. समुद्राचं शिकलेलं माणूस बोलवा.

"ह्यो विषय नको," दीर म्हणाला. "ह्येका दोन बाजू आसत."

"म्हणानच व्हयो. एका बाजूचो विषय ऐकाक कोण येतला? भात कमी खावा म्हणान सांगल्यानी, तू खाल्लंस कमी?"

सरपंच हसले. गुरुजींनी विषय कागदावर लिहून घेतला, 'किनाऱ्याची धूप आणि संरक्षक बंधारे'. विद्यापीठाने कळवलं, एक बाई येतील, त्यांचा अभ्यास यातलाच आहे.

इथे आमच्या गावाची एक चूक झाली, ती समजायला आमच्या जत्रेचं नाटक माहीत हवं. देवळाच्या जत्रेला दशावतारी कंपनी येते. नवस बोललेला माणूस त्यांना आख्यान सांगतो, म्हणजे कोणती कथा करायची ते. आख्यान सांगितलं की शेवट ठरला. राक्षस मरणार हे नटाला ठाऊक असतं, पेटीवाल्याला ठाऊक असतं, पेंगत बसलेल्या पोरांनाही ठाऊक असतं. बघायचं एवढंच की राक्षस मरायला किती वेळ लावतो आणि मरण्याआधी काय काय बोलतो. गावाने व्याख्यानाचंही तसंच धरलं. बंधारा हा विषय आपण दिला, म्हणजे शेवटी बंधारा होणार. मीही तेच धरलं होतं. दिराची माणसं तर व्याख्यानाच्या आठवडाभर आधीपासून हरल्यासारखी तोंडं करून फिरत होती, आणि बंधारावाले चहाच्या टपरीवर त्यांची खेचत होते. "काय रे, जाळी इकूक काढलंस काय?"

बाई व्याख्यानाआधी किनारा बघायला आल्या. पन्नाशीच्या असतील, पायात रबरी चपला, डोक्यावर पुरुषासारखी टोपी. सकाळपासून पुळणीवर काठी रोवत, फोटो काढत फिरत होत्या. मी दुपारच्या जेवणाला बोलावलं. बांगड्याचं तिखलं, म्हणजे तिखट कालवण, करायचं ठरवलं होतं. खाल्लेल्या घराची आठवण राहते, हा माझा सरळ हिशेब होता. बाई आल्या त्या हातात पिशवी घेऊन. पिशवीत ताजे बांगडे.

"हे खयसून?" मी विचारलं, आणि मग त्यांच्यासाठी नीट मराठीत विचारलं, "हे कुठून आणलेत?"

"रापण चालली होती," त्या म्हणाल्या. "मी दोर ओढायला लागले. तुमच्या दिरांनी वाटा दिला. नको म्हटलं तर म्हणाले, दोराला हात लावला त्याला वाटा द्यावा लागतो. मला हे कुठे करता येणार? म्हणून तुमच्याकडे घेऊन आले."

दिराने सकाळी घावणे खायला घातले होते हेही तेव्हाच कळलं. म्हणजे माझ्या आधी तो पोचला होता. मी ते बांगडे साफ केले आणि माझ्या बांगड्यांबरोबर एकाच टोपात रांधले. बाई चवीने जेवल्या. सोलकढी दोनदा घेतली. हात धुताना मी विचारलं, "व्याख्यानात काय सांगणार तुम्ही?"

"जे दिसलं ते."

माझ्या न्हाणीला टेकलेला माड त्यांना दिसला होता. मला वाटलं, झालं काम.

व्याख्यानाला मंडप भरला. नाटकाला बसतात तशा बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, पोरं पुढे. वरच्या वाडीतले भातशेतीवालेही आले होते. त्यांचा समुद्राशी काही संबंध नाही, पण भांडण असेल तर बघायला मिळेल. बाईंनी पडद्यावर आमचा किनारा दाखवला, आभाळातून काढलेले फोटो, जुन्यापासून नव्यापर्यंत. माझं घर एवढंसं, आणि दर फोटोत त्याच्यापुढची पांढरी पट्टी आणखी अरुंद. वाळू पावसात आत समुद्रात जाते आणि दिवाळीनंतर परत येते, ते सगळ्यांनाच माहीत आहे. बाईंनी सांगितलं की जाते तेवढी आता परत येत नाही, कारण नदीतून जी वाळू यायची ती वरच्यावरच उपसली जाते. लोकांनी एकमेकांकडे बघितलं. वाळू उपसणारे दोघे मंडपातच बसले होते. ते पंख्याकडे बघत राहिले.

मग बंधाऱ्याचं आलं. बाईंनी दुसऱ्या कुठल्या तरी गावचा फोटो लावला. दगडांचा बंधारा, त्याच्यामागे घरं शाबूत, आणि बंधाऱ्यापुढे वाळूच नाही, सरळ पाणी.

"बंधारा मागची जमीन धरून ठेवतो," त्या म्हणाल्या. "पुढची पुळण मात्र राहत नाही. लाट दगडावर आपटते आणि पायाखालची वाळू घेऊन परत फिरते. आणि बंधारा जिथे संपतो तिथे हे बघा."

बंधाऱ्याच्या टोकाला किनारा आत गेलेला होता, भाकरीचा घास तोडावा तसा. तिथे एका घराची नुसती एक भिंत उभी होती.

"जे पाणी इकडे अडलं ते टोकाला जाऊन जास्त खणतं."

नंतर त्यांनी पुष्कळ सांगितलं, झाडं लावायची, वाळू कशी अडवायची, सगळं माझ्या लक्षात नाही. शेवटी आभार मानून खाली बसल्या. मंडपात कोणी टाळी वाजवली नाही. सगळे थांबून राहिले होते. राक्षस अजून मेला नव्हता.

बंधारावाल्यांतला एकजण उठला. "म्हणजे बंधारो घालूचो काय नाय?"

"तो निर्णय गावाने घ्यायचा आहे. काय केल्यावर काय होतं ते मी सांगितलं."

"ता गावान घेतल्यानच आसा! म्हणान तर तुमका बोलावला. अहो बाई, आख्यान आमी सांगितला हुता!"

बाईंना कळेना. गुरुजींनी त्यांच्या कानाशी लागून समजावलं. त्या हसल्या. तिकडे पुरुषांत आरडाओरडा सुरू झाला. रापणवाले म्हणत होते, बघा आमचंच खरं. बंधारावाले म्हणत होते, बाईंना सकाळी घावणे कोणी घातले ते आम्हाला माहीत आहे. मी म्हटलं, "आणि दुपारी तिखला मी घातलंय, ताय सांगा!" तेव्हा थोडं हसू झालं आणि आवाज खाली आला.

मी उभीच होते, तर विचारून घेतलं. "बाई, मला सरळ सांगा. बंधारा घातला नाही तर माझं घर राहील?"

त्यांनी गुळमुळीत काही केलं नाही, हे मी त्यांच्या बाजूने सांगते. म्हणाल्या, "नाही आजी. किती वर्षं ते मला सांगता येणार नाही. पण राहणार नाही."

"आणि घातला तर?"

"तर तुमचं बराच काळ टिकेल. कचेरीतल्या नकाशाप्रमाणे बंधारा तुमच्या घराच्या थोडा पलीकडे जाऊन संपतो. त्याच्यापुढे उत्तरेला जे घर आहे ते आधी जाईल."

उत्तरेला दिराचं घर. मंडपातल्या सगळ्यांना ते माहीत होतं, बाईंनाही माहीत असावं. घावणे तिथेच खाल्ले होते. दिराने माझ्याकडे बघितलं. त्यालाही हे नवीन होतं. तो आतापर्यंत जाळ्यासाठी भांडत होता, घराचा विचार त्याच्या मनात आलेला नव्हता.

त्या आठवड्यात माझ्याकडे माणसांची रीघ लागली. बंधारावाले येऊन सांगत होते की बाई पुस्तकातलं बोलतात, तू सही मागे घेऊ नकोस. तुझी सही पहिली आहे, तू फिरलीस तर सगळे फिरतील. बंधारा आणखी लांब मागू, दिराचंही घर आत घेऊ. मी विचारलं, मग त्याच्या पलीकडच्या घराचं काय? तर म्हणाले, ते पुढचं पुढे. मुलगा कुडाळहून आला. तो तिथल्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यात कामाला आहे, दोन खोल्यांत राहतो. सून आणि नातवंडं इथे माझ्यापाशी.

"आये, कुडाळाक चल. सगळीच चला."

"कुडाळात समुद्र नाय."

"समुद्र नाय म्हणानच चल म्हणतंय."

"आणि बायलेन तुझ्या मासे खंय इकूचे? कारखान्याच्या गेटार?"

मी कुडाळला गेले असते तरी माझं काही बिघडणार नव्हतं, पण सुनेचा बाजार बुडाला असता. तिची गिऱ्हाइकं इथे आहेत, मी बसायचे त्या जागेवर ती बसते. तिला चार वाजता होडीवर पोचायचं असतं.

मी विचार केला तो असा. बंधारा घातला तर घर वाचतं. दिराचं जातं. दिरावर माझं काही प्रेम नाही, त्याच्या बायकोवर त्याहून कमी. पण त्या बाईचे शिव्याशाप सकाळ-संध्याकाळ ऐकत वाचलेल्या घरात बसायचं, आणि पुढे पुळण नाही, रापण नाही, तर रापणीचे मासे सून आणणार कुठून? बंधारा नाही घातला तर घर जातंच. म्हणजे दोन्हीकडे नुकसान आहे. मग त्यातून मला काय सोडवता येतं ते बघायचं.

दीर स्वतःहून आला. ओटीवर बसला. पान लावलं, खाल्लं, आणि मग विचारलं, "वयनी, ग्रामसभेत हात वर करतलंस?"

"तू काय म्हणतंस?"

"मी काय म्हणतलंय? माझा घर जातला म्हणान बाईन सांगल्यान तू ऐकलंस."

"ऐकलंय. रस्त्याच्या वरचो तुकडो माका दी. माझ्या वाट्याचो नाय, सगळो. बंधाऱ्यातसून माझा नाव मी काढतंय."

त्याने पान थुंकलं. "सगळो? आणि जाळी माझी खंय सुकवू?"

"हयच सुकव. घर काढलंय की जोता रिकामाच आसा. समुद्र येयपर्यंत तुझा."

"मिरचेंचा काय?"

"मिरचे बाजारात गावतत."

तो घरी गेला. जाताच बायकोला सांगितलं असणार, कारण तिचा आवाज माझ्यापर्यंत आला. "म्हणजे ही आता रस्त्यार बसान आमच्या दारात बघत ऱ्हवतली!" पण दुसऱ्या दिवशी त्याने होकार कळवला. घराच्या बदल्यात घर असं त्यानेही मोजलं होतं. नुसत्या तोंडी होकारावर मी राहिले नाही. जमीन नावावर झाली आणि मगच ग्रामसभेला गेले.

ग्रामसभेत मी उठून सांगितलं की माझं नाव अर्जातून काढा, मला बंधारा नको. गोंधळ झाला. दिराने मला विकत घेतलं असंही कोणी म्हणालं. मी म्हटलं, होय, जमीन घेऊन विकले गेले, तुम्हीही मागून बघा. ठराव बारगळला.

सभा संपल्यावर दक्षिणेकडची शेजारीण देवळाच्या पायरीवर माझी वाट अडवून उभी राहिली. तिला ना दीर, ना रस्त्याच्या वर जमीन.

"तुझा झाला गो," ती म्हणाली. "माझा काय? तुझ्या सहीखाली माझी सही हुती."

समितीत मी पुढे विषय दिला की ज्यांना जागा नाही त्यांनी घरं कुठे हलवायची, त्यावर बोलणारं कोणीतरी पाठवा. विद्यापीठाने लिहून घेतलं. तसा माणूस त्यांना अजून मिळालेला नाही. दरम्यान मधमाशीपालनावर एक व्याख्यान झालं, ते बरं होतं. शेजारणीने माझ्याशी बोलणं टाकलं ते टाकलं.

उन्हाळ्यात आम्ही घर उतरवलं. छपराचे नळे काढले, वासे काढले, भिंतींचे चिरे सुटे केले. जुनी भिंत मातीत बांधलेली, चिरे सहज सुटतात. टेम्पोने रस्ता ओलांडून नेले. सरकारी परवानगीसाठी मुलाने किती खेपा घातल्या ते त्यालाच माहीत. नवीन घर जुन्याहून लहान झालं. ओटी लहान, माजघर लहान, पण न्हाणीचं पाणी लांब जातं आणि सुनेला बाजार जवळ पडतो. कोणी विचारतात, समुद्राच्या आवाजाशिवाय झोप लागते का. लागते. जास्त चांगली लागते.

पहिल्या पावसात समुद्र जोत्यापर्यंत आला नाही. दुसऱ्यातही नाही. टपरीवर माझी थट्टा झाली, म्हातारीने उगाच घर मोडलं. दिराची जाळी माझ्या जोत्यावर मजेत सुकत होती. तिसऱ्या पावसात, आषाढात, उधाण आलं तेव्हा एका रात्रीत जोत्याचा समुद्राकडचा कोपरा गेला. पाणी शेजारणीच्या पुढच्या दारातून शिरलं आणि मागीलदाराने बाहेर पडलं. उजाडल्यावर मी सुनेला म्हटलं, जाऊन घेऊन ये तिला. सून म्हणाली, येतील का त्या? मी म्हटलं, येत नसेल तर तिची शेळी घेऊन ये, मग येईल.

शेळी पुढे, ती मागे, अशी आली. डोक्यावर गाठोडं, अंगावर भिजकी साडी. मी माजघरात जागा करून दिली, कोरडं लुगडं दिलं. पाऊस ओसरेपर्यंत ती राहिली. वाढलं ते खाल्लं, भांडी घासली, माझ्याशी एक शब्द बोलली नाही. बोलायची ती सुनेशी आणि शेळीशी. मीही उगाच बोलायला गेले नाही.

उघडीप पडली तशी तिने गाठोडं बांधलं. शेळी सोडली. दारातून बाहेर पडताना वर छपराकडे बघितलं आणि मला म्हणाली, "चुलीच्या वरचो नळो फुटलो आसा. माझ्या पांघरुणार पाणी पडत हुता."

मी दुपारी माणूस बोलावून तो बदलून घेतला. पुढच्या उधाणाला ती परत येणारच आहे.